पन्नास प्लेट्सचा रेशमी परकर

सुती परकर शिवायला फारसं डोकं लागत नाही. वरच्या कडेला दोन धावदोरे घालायचे, ओढून चुण्या पाडायच्या, नेफा दुमडायचा, नाडी ओवायची. दुपारी बसलं की संध्याकाळी परकर अंगावर. हीच रीत रेशमाला लावली की फसगत होते. ओढलेल्या चुण्या रेशमात बसत नाहीत, फुगतात. कमरेभोवती उशी गुंडाळल्यासारखं दिसतं आणि ज्या जरीच्या काठासाठी हा सगळा खटाटोप, तो घड्यांत न पडता कसाही फाकतो. म्हणून रेशमी परकराला प्लेट्स मोजून, हाताने दुमडूनच घालाव्या लागतात.

त्यात रेशीम चूक विसरत नाही. घट्ट विणीच्या रेशमावरची टीप उसवली की भोकांची रांग मागे उरते आणि इस्त्रीनेही ती जात नाही. त्यामुळे जे काही चुकायचं ते कच्च्या धावदोऱ्यात चुकू द्यावं. मशीन सगळ्यात शेवटी, आणि तेही फार थोडं.

इथला हिशोब साधारण दहा वर्षांच्या मुलीचा आहे. कंबर २४ इंच, परकराची उंची ३३ इंच, कापड काठपदराच्या रेशमी साडीचं, पन्हा ४६ इंच. साडीचा पन्हा परकराच्या उंचीला जातो आणि साडीची लांबी कमरेभोवती फिरते, त्यामुळे खालचा काठ आपोआप घेराला येतो.

आधी कापडाबद्दल. मऊ पैठणी, रेशमी नारायणपेठ, रेशमी इरकल यांच्या प्लेट्स छान पडतात. टिश्यू किंवा अंगभर जरीचं कापड ताठ असतं, त्याच्या घड्या छत्रीसारख्या उभ्या राहतात. क्रेप उलट इतकं लुळं की घडी धरतच नाही. दुकानातच एक इंचाची घडी घालून अंगठ्याने दाबा आणि सोडा. घडी किंचित उमलून थांबली तर कापड योग्य. फटकन उघडली तर नको. शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल असेल तर बरं. नसेल तर कडेचा एक धागा काढून जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेला काळा मणी चिमटीत चुरडतो. पॉलिस्टर वितळतं आणि मणी टणक राहतो.

आईच्या किंवा आजीच्या जुन्या साडीचा परकर करायचा असेल तर साडी आधी उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम त्या घडीवरच विरतं. दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकं ताणल्यावर धागे सरकले किंवा फाटल्याचा बारीक आवाज आला, तर त्या कापडाला प्लेट्स घालू नका. प्लेट म्हणजे शेवटी घडीच, आणि असं कापड पहिल्याच समारंभात घडीवर चिरतं. अशा साडीचा काठ काढून नव्या कापडाला लावणं शहाणपणाचं.

आता गणित. सगळा परकर या एका ओळीवर उभा आहे: एका प्लेटला लागणारं कापड म्हणजे दिसणारी रुंदी अधिक खोलीची दुप्पट. दिसणारी रुंदी अर्धा इंच आणि आत जाणारी घडी एक इंच खोल धरली, तर एका प्लेटला अडीच इंच लागतात. कंबर २४, त्यात एक इंच सैल, म्हणजे २५ इंच. अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या ५० प्लेट्स. ५० गुणिले अडीच, १२५ इंच. बाजूच्या शिवणीला एक-एक इंच मिळवून १२७ इंच, म्हणजे सव्वातीन मीटर. साडेपाच मीटरच्या साडीत हे बसतं आणि पदर पोलक्यासाठी शिल्लक राहतो.

घडीची खोली दिसणाऱ्या रुंदीपेक्षा जास्त असल्यामुळे प्लेट्स एकमेकींवर चढतात आणि कमरेवर कुठेही मोजलं तरी रेशमाचे पाच थर येतात. साडीच्या रेशमाला पाच थर सहज पेलतात. सहा-सात झाले की पट्टा जाड होतो. कापड कमी असेल तर प्लेट्सची संख्या कमी करू नका, खोली कमी करा. समजा अडीचच मीटर आहे. शिवणी वजा जाता ९६ इंच उरतात, भागिले ५०, साधारण १.९ इंच. त्यातून अर्धा इंच वजा करून निम्मं केलं की खोली येते जेमतेम ०.७ इंच. घेर कमी, पण रेघा तेवढ्याच दाट. मोठ्या बाईसाठी, पट्टा ३६ इंच धरला तर, पाऊण इंच रुंदीच्या ४८ प्लेट्स, एक इंच खोल, म्हणजे १३२ इंच अधिक शिवणी. मोठ्या अंगावर अर्ध्या इंचाच्या प्लेट्स किरकोळ दिसतात.

उंची नेहमी खालच्या काठापासून वर मोजायची, वरून खाली कधीच नाही. पट्टा दीड इंचाचा, म्हणून दिसणारं कापड साडेएकतीस. त्यात वाढत्या अंगाच्या टकसाठी, म्हणजे पुढे सोडता येणाऱ्या आतल्या दुमडीसाठी, दोन इंच आणि वर एक इंच मार्जिन. एकूण साडेचौतीस. काठाच्या कडेपासून दर सहा इंचांवर हे माप घेऊन खूण करा आणि खुणा जोडून कापा. नुसत्या वरच्या कडेवर भरवसा ठेवला तर हातमागाचं कापड पन्ह्यात कुठे पाव इंच जास्त, कुठे कमी निघतं. ते सगळं शेवटी जमिनीलगत काठाच्या वाकडेपणात दिसतं, म्हणजे नेमकं जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे. वर उरलेली साडेअकरा इंचांची पट्टी, वरच्या काठासकट, जपून ठेवा. तीतून पट्टा आणि पोलक्याच्या बाह्या निघतात.

आडवा काप धागा ओढून घ्यावा. कडेचा एक बाण्याचा, म्हणजे साडीच्या पन्ह्यातून आडवा जाणारा, धागा हलके ओढला की सरळ रेघ पडते, तिच्यावर कात्री. हाताने विणलेल्या पैठणीत मात्र हा धागा काठापाशी येऊन थांबतो, कारण तिथे काठाचे बाणे वेगळे असतात आणि अंगाच्या बाण्यात अडकवून विणलेले असतात. तिथून पुढे पट्टी ठेवून कापावं. कापलेल्या कडा लगेच हाताने गुंडाळटाक्याने बांधून घ्या. इंटरलॉक नको. त्याचा जाड दोरा इस्त्रीखाली रेशमाच्या सुलट बाजूवर उमटतो.

खुणांसाठी खडू वापरू नका. मेणाचा खडू इस्त्रीने वितळून डाग पाडतो आणि साधा खडू गडद रंगावरून पूर्ण निघत नाही. धाग्याच्याच खुणा घालायच्या, पांढऱ्या आणि लाल, बारीक सुईने एकेक टाका, आणि त्याही मार्जिनच्या इंचभरातच.

बाजूची शिवण आधी घालून टाका. एका इंचावर सरळ टीप, वरचे सहा इंच मोकळे. दोन्ही मार्जिनच्या कडा अर्धा इंच आत दुमडून हातशिलाई, मोकळ्या भागासकट. मशीनला ११ नंबरची नवी सुई, टाका अडीच मिलिमीटर, वरचा दोरा सैल. दोरा ताणलेला असेल तर शिवणीवर रेशीम गोळा होतं आणि तो गोळा पुढे पाण्यानेही बसत नाही.

मग टक. मुलगी वर्षभरात उंच होते आणि रेशमी परकर काही दरवर्षी होत नाही, म्हणून आतल्या बाजूला एक इंच खोल टक ठेवतात, दोन इंच कापड त्यात मुरतं. सुती परकरात टक कुठेही चालते. रेशमात ती काठ आणि अंग जिथे मिळतात त्या रेघेवरच घालावी. सोडल्यावर राहणारी खूण तिथे काठाच्या नक्षीत मुरून जाते. टक मशीनवर घालू नका. रेशमी दोऱ्याने, अर्ध्या इंचाच्या धावदोऱ्याने, हातानेच.

प्लेट्सना अख्खी दुपार लागते. घाईत त्या होत नाहीत. शिवणीपासून एक इंचावर पहिला पांढरा धागा. तिथून अर्ध्या इंचावर लाल. लालपासून दोन इंचांवर पुन्हा पांढरा, त्याच्यापुढे अर्ध्या इंचावर लाल. असं फिरत जायचं. सगळं बरोबर असेल तर शेवटचा, म्हणजे पन्नासावा लाल धागा शिवणीच्या बरोबर एक इंच अलीकडे येतो. तसा येत नसेल तर तिथेच थांबा आणि मोजा. अडीच इंच रुंदीचा जाड पुठ्ठा कापून त्यावर अर्ध्या इंचाची रेघ मारून घेतली की टेप सारखी धरावी लागत नाही.

आता प्रत्येक लाल धागा उचलून त्याच्यापुढच्या पांढऱ्यावर ठेवायचा. एक इंच खोल घडी तयार होते. घडी वरून खाली एकाच बाण्यावर बसली पाहिजे, हीच यातली खरी कसोटी. वर बरोबर आणि वीतभर खाली किंचित सरकलेली घडी काठापाशी पोचेपर्यंत डोळ्यात भरण्याइतकी तिरकी झालेली असते. म्हणून घडीची कड अंगठ्याने वरपासून काठापर्यंत चाचपत न्यायची, आणि मग पुढची. टाचण्या मार्जिनच्या खाली टोचू नका, त्यांचीही भोकं राहतात. घड्या धरून ठेवायला मूठभर तांदळाच्या चार-पाच पुरचुंड्या करून त्यांचं वजन द्यावं. कापड सरकत नाही आणि डाग पडत नाही.

दर दहा प्लेट्सनंतर मोजायचं. पाच इंच यायला हवेत. एका प्लेटमागे इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतकं, चुकलं तरी पन्नास प्लेट्समध्ये दीड इंचाचा फरक पडतो. पन्नास झाल्यावर तो फरक शोधणं म्हणजे सगळं उसवणं. दहाच्या दहात सापडला तर दोन-तीन घड्या केसभर सरकवून काम होतं. माप जास्त येत असेल तर बहुतेक वेळा लाल धागा पांढऱ्यावर न बसता त्याच्या अलीकडेच थांबलेला असतो. अंगठ्याच्या दाबाखाली घडी मागे सरकते, त्याचा हा परिणाम.

दहा-दहाच्या गटाने धावदोरे घालत जायचं. पहिला वरच्या कडेपासून पाव इंचावर, दुसरा पाऊण इंचावर. दोन्ही मार्जिनमध्ये. तिसरा, सैल आणि लांब टाक्यांचा, काठाच्या वीतभर वर. तो फक्त घडी बसेपर्यंतच राहणार, म्हणून त्याला सगळ्यात बारीक सुई आणि रेशमी दोरा.

इस्त्री मलमलचा फडका ठेवून, उलट बाजूने, रेशमाच्या खुणेवर, कोरडी. पाणी शिंपडू नका, डाग पडतात. इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. आणि तिसऱ्या धावदोऱ्याच्या खाली इस्त्री नेऊच नका. काठात पाच थरांची जरी एकावर एक असते, तिथे दाबलेली घडी जरीची तार मोडते. प्लॅस्टिकची जरी असेल तर ती इस्त्रीखाली आक्रसतेच. काठाने आपल्या वजनाने मोकळं पडायचं असतं. पाटाखाली किंवा गादीखाली एक रात्र ठेवायची जुनी पद्धत इस्त्रीपेक्षा सौम्य आहे आणि घाई नसेल तर तीच बरी, फक्त काठाचा भाग बाहेर राहू द्या.

अस्तर प्लेट्सबरोबर दुमडायचं नाही. अस्तरही दुमडलं की पाचाचे दहा थर होतात आणि मशीन अडकतं. अस्तराला सहा कळ्या: प्रत्येक कळी वर सव्वापाच इंच, खाली १२ इंच, शिवणीसकट. लांबी साडेएकतीस इंच, म्हणजे दुमड घातल्यावर ते रेशमापेक्षा दीड इंच आखूड राहतं. ३६ पन्ह्याचं सुती कापड पावणेदोन मीटर पुरतं, कळ्या उलटसुलट ठेवून बेतायच्या. अस्तराचं कापड बेतण्याआधी भिजवून वाळवाच. न भिजवलेलं अस्तर पुढे कधी ओलं झालं की आटतं. अस्तर रेशमाला फक्त कमरेशी जोडलेलं असतं, खाली मोकळं.

कमरेचा पट्टा: बाहेरून रेशीम, आतून सुती लाँगक्लॉथ, दोन्ही अडीच इंच रुंद आणि २८ इंच लांब. आतून सुती असण्याला कारण आहे. रेशमावर रेशीम घसरतं आणि काठाच्या वजनाने परकर सारखा खाली येतो. चिकटणारं कॅनव्हास नको, काही दिवसांनी रेशमावर फुगे दिसतात. नाडीही नको. नाडी ओढली की मोजून घातलेल्या पन्नास प्लेट्स पुन्हा चुण्या होतात. २५ इंचांच्या पुढे दोन इंच पट्टा राहतो, त्यावर इंचाच्या अंतराने आकड्यांच्या दोन रांगा आणि समोर हुकांची एक. कंबर वाढली की दुसरी रांग. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलीला मात्र पट्ट्याच्या जागी सुती बॉडीच जोडा, तिची कंबर हे वजन धरत नाही.

पट्टा जोडताना प्लेट्स वर, पट्टा खाली. घड्यांची दिशा बघा. मशीनचा फूट घडीवरून उतरत जायला हवा, घडीत घुसायला नको. उलट दिशेने शिवलं की फूट प्रत्येक घडी उचलतो आणि पन्नासाव्या घडीपर्यंत पाव इंचाचा फुगा पुढे ढकलत नेतो. इथे १४ नंबरची सुई आणि तीन मिलिमीटरचा टाका, कारण आठ थर आहेत. मशीनचा भरवसा नसेल तर हाताची उलटी टीप घाला, ती इथे मशीनइतकीच टिकते.

बऱ्याचदा शिंपी गाळतात ती एक पायरी राहिली. नुसत्या पट्ट्यावर टांगलेल्या प्लेट्स पोटावर पंख्यासारख्या उघडतात. पट्ट्याच्या तीन इंच खाली, आतून, अर्ध्या इंचाची सुती फीत लावली की त्या उभ्या राहतात. फितीची लांबी त्या उंचीवरच्या अंगाच्या मापापेक्षा एक इंच जास्त, इथे २८ इंच. फितीवर ५० सारख्या खुणा करा. त्या अर्ध्या इंचापेक्षा किंचित लांब पडतात, आणि तेच हवं, कारण अंग तिथे रुंद होतं. प्रत्येक घडीची फक्त आतली कड एका टाक्याने एका खुणेला अडकवा. सुलट बाजूवर काहीच दिसता कामा नये. बाजूच्या फटीपाशी फीत तोडलेली हवी, नाहीतर परकर कमरेत चढणार नाही.

पोलक्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते नेहमीच्या अस्तराच्या पोलक्यासारखंच. दोनच गोष्टी. बाहीच्या घेराला वरचा काठ आला पाहिजे, म्हणून आधी बाह्या बेता आणि मग उरलेल्या कापडात पुढा-पाठ बसवा. आणि पोलकं अंगाबरोबर घट्ट नको, छातीत तीन-चार इंच सैल. ताण आला की रेशमाचे धागे शिवणीपासून सरकतात आणि काखेत जाळी दिसायला लागते. टीप शाबूत असते, कापड गेलेलं असतं.

या प्लेट्स कायमच्या नसतात, हे आधीच कळलेलं बरं. पॉलिस्टरची घडी उष्णतेने कायमची बसते. रेशमाची ओलाव्याने बसते आणि ओलाव्यानेच उतरते. भर उन्हाळ्यातल्या एका मुंजीनंतर खालचा भाग सैल झालेला दिसेल. परकर घामाने ओलसर असताना कपाटात टाकू नका. सावलीत वाळवा, प्लेट्स हाताने पुन्हा जुळवा, काठाच्या वर तोच सैल धावदोरा घाला आणि मलमलमध्ये लांब घडीने ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. धुणं म्हणजे ड्रायक्लीनिंग. देण्याआधी धावदोरा घालून द्या, नाहीतर तिकडची इस्त्री काठावर आपल्या मनाच्या घड्या पाडून पाठवते.

पुढच्या वर्षी टक सोडताना धावदोरा एका टोकाने ओढून काढू नका, दर चार इंचांवर कापून तुकडे उचला. घडीची रेघ दिसली तर वाफेची किटली हातभर लांब धरून उलट बाजूने जरा वाफ दाखवा आणि सपाट पसरून वाळू द्या. ती पूर्ण गेली नाही तरी काठाच्या कडेला लागून असल्यामुळे दोन हातांवरून ओळखू येत नाही.